दीड वर्षाच्या खंडानंतर पुन्हा लांब पल्ल्याची ट्रायथलॉन: ऐरोलीत राहून सराव कसा बसवायचा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षाअखेरीस पूर्ण अंतर करायचं ठरवलंय: ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. अर्ध्या अंतराचा अनुभव आहे, पण बदली आणि घरचं आजारपण यात दीड वर्ष सराव पूर्ण बंद होता. दुखापत कुठलीही नाही. वय ४१, वजन ७९ किलो. नियमित होतो तेव्हा ७२ असायचं.

राहायला ऐरोली, नोकरी महापे. सकाळी ५ ते पावणेसात हाच हक्काचा वेळ, रविवारची सकाळ पूर्ण मोकळी. पोहायला ठाण्यातला महापालिकेचा २५ मीटरचा तलाव, ४५ मिनिटांची बॅच. घरी सायकलसाठी स्मार्ट ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचं, जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) आहे. सायकल मात्र इतके दिवस गॅलरीत चादर टाकून उभी होती.

अडचण अशी की पूर्वी किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या वेगाने हृदयगती १४२ च्या आसपास राहायची. आता साडेसात मिनिटांनी धावलं तरी १६० च्या वर जाते. यात काळजीचं काही आहे का? तिन्ही खेळ एकदम सुरू करावेत की एकेक? आणि पाऊस तोंडावर आलाय, त्याचं काय करायचं?

उपवन_ते_येऊर

आधी डॉक्टरांकडे जाऊन या. चाळिशी ओलांडलीय, वजन वाढलंय, मोठा खंड पडलाय. रक्तदाब, साखर, लिपिड आणि ट्रेडमिल टेस्ट करून घ्या. जोराचा सराव त्यानंतरच. छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी किंवा ठोके चुकल्यासारखं वाटलं तर त्याच क्षणी थांबायचं, "अजून एक किलोमीटर" नाही.

रिपोर्ट ठीक आले तर त्या १६० चं कारण साधं आहे. सराव थांबल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ भाग, कमी होतो. हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, मग तेवढ्याच कामाला ठोके जास्त लागतात. त्यात आपली जूनची हवा. पहाटे पाचलाही घाम गळतो पण सुकत नाही, अंग गार होत नाही. शरीर त्वचेकडे जास्त रक्त वळवतं आणि ठोके आणखी चढतात. चांगली गोष्ट ही की जो भाग सगळ्यात आधी जातो तोच सगळ्यात आधी परतही येतो. रोज तासभर घाम येईल असा हलका सराव दहा-चौदा दिवस सलग झाला की त्याच वेगाला हृदयगती उतरायला लागते.

म्हणून पहिले सहा आठवडे घड्याळाच्या पडद्यावरून वेग काढून टाका. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, तोच तुमचा वेग. नाही जमलं तर चाला. २२० वजा वय हे सूत्र माणसागणिक दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं, त्यावर झोन, म्हणजे सरावाचे हृदयगतीचे टप्पे, बेतू नका.

तिन्ही खेळ एकदमच सुरू करा, पण थोडे थोडे. एकेक खेळ उभा करत गेलात तर दुसरा येईपर्यंत पहिल्याचा भार इतका वाढलेला असतो की नवीन काही बसवायला जागाच उरत नाही. सोमवार पूर्ण सुट्टी. मंगळ, गुरू, शनी अर्धा अर्धा तास धाव. बुध आणि शुक्र पोहणं. गुरुवारी धावून आल्यावर लगेच ट्रेनरवर ४५ मिनिटं. हा क्रम उलटा करू नका, सध्या धाव ताज्या पायांवरच झाली पाहिजे. मंगळ-शनी धावेनंतर वीस मिनिटं ताकदीचे व्यायाम. रविवारी दीड तास सायकल. सगळं मिळून आठवड्याला साधारण सहा तास होतात, आणि पूर्वी दहा तास करणाऱ्याला ते फार कमी वाटतं. वाटू द्या.

दर चौथ्या आठवड्याला वेळ एक तृतीयांशाने कमी करा, पण सत्रांची संख्या तीच ठेवा, म्हणजे पहाटे उठायची घडी मोडत नाही. एखादं सत्र बुडलं तर ते दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही, ते गेलं. आठवडाच विस्कटला तर रविवारची सायकल, एक पोहणं आणि दोन धावा एवढं वाचवा.

वाढवायचं कधी, हे मोजून ठरवा. सहाव्या-आठव्या आठवड्यात ट्रेनरवर समोर मोठा पंखा लावून एक तास एकाच वॅटवर चालवा. समजा १३० वॅट ठेवले, पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी हृदयगती १२८ आली, दुसऱ्याची १३७. १३० भागिले १२८ म्हणजे १.०१६, १३० भागिले १३७ म्हणजे ०.९४९; घट साडेसहा टक्क्यांची. पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत जोराचा सराव नाही, फक्त हलका वेळ वाढवायचा. ही चाचणी बाहेर उकाड्यात करू नका. तिथे गती उष्णतेनेच चढते आणि निष्कर्ष चुकतो. एफटीपीची (साधारण तासभर टिकवता येईल अशा वॅटची) २० मिनिटांची चाचणी त्यानंतर. साधारण चौथ्या आठवड्यापासून सायकलनंतर दहा मिनिटांची धाव जोडायला हरकत नाही.

गोव्याची ७०.३, म्हणजे अर्ध्या अंतराची आयर्नमॅन स्पर्धा, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, त्या मोहात यंदा पडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत ऑलिम्पिक अंतराची एखादी स्पर्धा, १.५, ४० आणि १० किमी, हा पहिला टप्पा पुरे.

पोटरीची_ताकद (फिजिओथेरपिस्ट)

वरच्या उत्तरातल्या बहुतेक गोष्टी पटल्या, एक नाही. ती शेवटी सांगते.

खाडीकाठ, तुमच्यासारख्यांना धोका नेमका याचा असतो की हृदय लवकर परत येतं आणि हाडं-स्नायुबंध मागे राहतात. सहा आठवड्यांत दम वाढतो, जुना वेग आठवतो, पाय ऐकतोय असं वाटतं. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथलं जुनं हाड खरवडून काढतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. नवीन हाड भरून घट्ट व्हायला मात्र तीन महिन्यांच्या आसपास. म्हणजे सुरुवात केल्यापासून महिन्याभराने नडगीचं हाड काही काळ आधीपेक्षा नाजूक असतं, आणि नेमकं त्याच सुमारास माणूस अंतर वाढवतो. त्यातून स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, होतं.

धावायच्या आधी एक तपासणी घरीच करा. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर आणि पूर्ण खाली. दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. भिंतीला फक्त तोल सांभाळण्यापुरती बोटं लावा. दोन्ही पायांनी २० ते २५ झाले पाहिजेत. पंधराच्या आत दमलात तर सध्या फक्त धाव-चाल.

धाव-चाल म्हणजे ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल, असे सहा फेरे. तीन सत्रं त्रासाशिवाय गेली की ६ आणि १, मग ९ आणि १. सलग अर्धा तास पाचव्या-सहाव्या आठवड्यात येतो. पुढे एकच गोष्ट वाढवायची, लांब धाव, आणि तीही मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त नाही. महिन्यात जास्तीत जास्त ८ किमी झाले असतील तर पुढची ८.८. आठवड्याची बेरीज ठीक दिसते म्हणून रविवारी एकदम १४ मारणारे माझ्याकडे नेहमी येतात.

सोलियस हा पोटरीतला खोलवरचा स्नायू धावताना सगळ्यात जास्त भार घेतो आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. खुर्चीत बसा, पायाचा चवडा जाड पुस्तकावर ठेवा, गुडघ्यावर १० किलोची तांदळाची गोणी, आणि टाच वर-खाली. १५ चे तीन संच, आठवड्यातून दोनदा. तीन आठवड्यांनी वजन वाढवा.

दुखण्याचं गणित: दहापैकी तीनपर्यंत, धावताना वाढत नसेल आणि दुसऱ्या सकाळी पूर्ण गेलेलं असेल तर चालेल. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेमागची शीर आखडलेली वाटली आणि ते दहा-पंधरा मिनिटांत सुटलं नाही तर पुढची धाव रद्द. नडगीवर बोट फिरवताना लांबवर हुळहुळलं तर सहसा स्नायू-आवरणाचा त्रास असतो. पण नाण्याएवढ्या एकाच जागी हाडावर दाबून कळ आली तर धावणं बंद करून ऑर्थोपेडिककडे जा. सुरुवातीला साध्या एक्स-रेत असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रे स्वच्छ आहे" एवढ्यावर परत धावू नका.

जुने बूट तपासा. आपल्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या बुटांचा गोंद सुटतो, सोल टोकाकडून उकलतो. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक टाळा, घोटा मुरगळतो. रस्त्याच्या कडेने धावत असाल तर तिथला उतार रोज एकाच पायाखाली येणार नाही असं बघा. शांत गल्लीत जाऊन-येऊन रस्त्याची तीच कड ठेवली तर पाय आपोआप बदलतो.

आता न पटलेली गोष्ट. सायकलनंतरची धाव चौथ्या आठवड्यात नको. दमलेल्या पोटऱ्या झटका शोषत नाहीत, तो हाडावर जातो, आणि चौथा आठवडा म्हणजे मी वर सांगितलेला नाजूक काळ. आठव्या आठवड्यानंतर, आणि तीही तीनपैकी एका धावेच्या जागी. चौथी धाव म्हणून जोडायची नाही.

उपवन_ते_येऊर

मान्य. आठवा आठवडाच धरा.

चौथी_लेन

पोहण्याबद्दल. बॅच ४५ मिनिटांची असली तरी शॉवर, गर्दी, लेन मिळवणं यात पाण्यात खरी ३५ मिनिटंच मिळतात. पहिला महिना लांब सलग पोहू नका. दमलेला माणूस सलग पोहताना कोपर खाली टाकतो आणि तीच सवय पक्की होते. २०० मीटर निवांत, मग ५० मीटरच्या १२ ते १६ फेऱ्या, प्रत्येकीनंतर २० सेकंद विश्रांती, शेवटी १०० निवांत. प्रत्येक ५० ला हातांचे फटके मोजा. दोन-तीनने वाढले की तंत्र सुटलं. तिथे विश्रांती वाढवा, जोर नाही.

महिन्याभराने चाचणी घ्या. ४०० मीटर जोरात, पूर्ण विश्रांती, मग २०० जोरात. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मं केलं की १०० मीटरचा टिकाऊ वेग मिळतो. ४०० ला ९:२० आणि २०० ला ४:२४ लागले तर फरक २९६ सेकंद, निम्मे १४८, म्हणजे १०० ला २:२८. त्याला सीएसएस (क्रिटिकल स्विम स्पीड) म्हणतात. मग १०० च्या आठ फेऱ्या त्याच वेगाने, १५ सेकंद विश्रांतीने. आयर्नमॅनच्या नेहमीच्या नियमात ३.८ किमीला २ तास २० मिनिटं मिळतात, म्हणजे १०० ला ३:४१. तुमची खरी गरज पाण्यातून न थकता बाहेर पडण्याची आहे.

पुल-बॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा तुकडा) पायात धरून पोहायची सवय लावू नका. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर वयोगटातल्या स्पर्धकांना वेटसूट (अंग तरंगतं ठेवणारा रबरी पोशाख) घालून क्रमवारीत येता येत नाही, आणि आपल्याकडच्या समुद्राचं पाणी त्याहून बरंच गरम असतं. पाय वर ठेवणारं काहीच मिळणार नाही. हाताचे पॅडल (तळव्याला लावायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) पहिले दोन महिने बंद. दीड वर्षाने खांद्यावर तो भार आला की पुढच्या बाजूला दुखायला लागतं.

ठाण्याची खाडी आणि शहरातले तलाव सरावासाठी विसरा. खुल्या पाण्याचा सराव पावसाळा संपल्यावर, सोबत बचाव-कयाक असलेल्या गटाबरोबरच. तोवर तलावात प्रत्येक लांबीला दोनदा मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून समोरचं काहीतरी बघा आणि मग बाजूला श्वास घ्या. पूर्ण डोकं उचललं की कंबर बुडते.

चेन_आणि_ग्रीस

गॅलरीतली सायकल तशीच रस्त्यावर काढू नका. खाडीची हवा आणि जुना घाम, दोन्हींत मीठ आहे.

पहिलं काम हँडलची टेप काढणं. ते कोणी करत नाही आणि सगळ्यात धोक्याचं तिथेच लपलेलं असतं. ट्रेनरवरचा घाम टेपखाली झिरपतो, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड येते, खाली खड्डे पडतात. पूड पुसून पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर नवीन टेप लावा. नखाला खड्डा लागला तर हँडल बदला. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं.

चेन मोजायला १२ इंची स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा, बारा पूर्ण कड्यांनंतरची पिन बरोबर १२ इंचावर आली पाहिजे. एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर ११ किंवा १२ स्पीडची चेन संपली. चेन वेळेवर नाही बदलली तर कॅसेट (मागच्या दातेरी चाक्यांचा संच) खाते आणि खर्च कित्येक पट होतो. वरवरचा गंज तेलाने जातो, पण एखादं कडं बोटांनी वळवताना अडकत असेल तर नवीनच टाका.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसतात का ते हवा भरून उजेडात बघा. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) आतापर्यंत सुकून रबराची साय झालेलं असणार. ती सोलून काढा, २८ मिमीच्या टायरला ४० मिली नवीन भरा. गिअर लहान चाकीकडे जाताना अडखळत असतील तर केबल आत गंजली आहे, बाहेरच्या नळीसकट बदला. त्या दिशेला फक्त स्प्रिंगची ओढ असते, म्हणून गंज आधी तिथे जाणवतो. डिस्क पॅडचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली नको.

सीटपोस्टला (सीटखालच्या नळीला) खूण करून तो बाहेर काढा, पुसा, परत घाला. धातूच्या फ्रेममध्ये धातूचा पोस्ट असेल तर ग्रीस, कार्बन असेल तर कार्बन पेस्ट. हे आत्ता नाही केलं तर तो कायमचा जाम होतो. स्टेमचे (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट टॉर्क-रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळा. आकडा भागावरच छापलेला असतो, बहुधा ५ न्यूटन-मीटर.

बैठकही जुनी ठेवू नका. सात किलो पोटावर आलेत, मांडीमागचे स्नायू आखडलेत. हँडल १५-२० मिमी वर घ्या, दोन-तीन महिन्यांनी हळूहळू खाली आणा. एअरो-बारवर (पुढे वाकून कोपरं टेकवायच्या दांड्यांवर) सुरुवातीला एका वेळी पाच मिनिटं.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. टाचेची तपासणी लगेच केली: उजवा १८, डावा १२. म्हणजे धाव-चालच. आता दोन प्रश्न राहिले. रविवारची सायकल कुठे न्यायची, आणि तिच्यावर खायचं-प्यायचं काय? पूर्वी एनर्जी जेलने (पाकिटातल्या दाट गोड पाकाने) पोट बिघडायचं.

सीवूड्स_पहाट

डाव्या-उजव्यात एवढा फरक आहे तर डाव्याचा एक संच जास्त करा, फिजिओ ताईही तेच सांगतील.

रस्ते. ठाणे-बेलापूर रोड तुमच्या दारात असला तरी सरावाला नको. एमआयडीसीचे ट्रेलर आणि पुलांवर चढणारी-उतरणारी वाहतूक. पाम बीच सपाट आहे, वाशी ते बेलापूर साधारण दहा किमी, पण रिकाम्या रस्त्यामुळे पहाटे गाड्या अतिशय वेगात येतात. मागे दोन लाल दिवे ठेवा, एक स्थिर आणि एक लुकलुकता. स्थिर दिव्यामुळे चालकाला अंतराचा अंदाज येतो. तिथे एअरो-बारवर झोपू नका, हात ब्रेकवरच हवेत. चढासाठी बेलापूरची पारसिक टेकडी. खारघरला पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला प्रवेशबंदी लागते, निघण्याआधी चौकशी करा. एक्सप्रेस-वे आणि अटल सेतूवर सायकलला बंदीच आहे.

जून ते सप्टेंबर लांब सायकल ट्रेनरवरच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर पडलातच तर पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट, रस्त्यावरचं तेल तेव्हा वर येतं. पांढरे पट्टे आणि पुलांच्या सांध्यांवरच्या लोखंडी पट्ट्या सरळच ओलांडा, त्यावर वळू नका, ब्रेक लावू नका. टायरचा दाब नेहमीपेक्षा ५ ते १० पीएसआय कमी. साचलेल्या पाण्यात चाक घालू नका, खाली खड्डा असतो. पायाला जखम असताना अशा पाण्यातून गेलात आणि पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ते पाणी आवर्जून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका लवकर आली पाहिजे. तापात आणि ताप उतरल्यावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत सराव नाही.

ऑक्टोबरनंतर पनवेलवरून जुन्या पुणे रस्त्याने खोपोलीपर्यंत जा आणि घाट लागायच्या आधी परत फिरा. ऐरोलीहून जाऊन-येऊन साधारण १२० किमी होतात.

खाणं-पिणं. आधी घाम मोजा. ट्रेनरवर एक तास, आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन. ७९.० चं ७७.९ झालं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात तर घाम १.६ लिटर. तेवढं सगळं तासाला पिता येत नाही, पिऊही नये. ७०० ते ८०० मिलीपासून सुरू करा. घामापेक्षा जास्त साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते पाण्याच्या कमतरतेपेक्षा धोक्याचं आहे. राइड संपल्यावर वजन वाढलेलं असेल तर तुम्ही नक्कीच जास्त प्यायलात.

बाटलीसाठी ७५० मिली पाणी, ४५ ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ, वर आमसुलाचं पाणी किंवा लिंबू. दीड ग्रॅम मिठात सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम येतं. वजन स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर करा, चमच्याने अंदाज चुकतो. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं निम्मं असतं, आतड्यात दोन्हींचे मार्ग वेगळे, म्हणून ती बरी शोषली जाते. सोबत तासाला दोन-तीन काळे खजूर किंवा मीठ लावलेला छोटा उकडलेला बटाटा. सगळं मिळून तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं झाली की सध्या पुरे.

जेलने पोट बिघडायचं कारण बहुतेक वेळा पाणी कमी पडणं हेच असतं. जेल दाट, ती पातळ करायला आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं, मग मळमळ आणि जुलाब. जेलबरोबर फक्त साधं पाणी, किमान दीडशे-दोनशे मिली, साखरेची बाटली नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी तासाला दहा ग्रॅम वाढवत नेलं तर आतडंही शिकतं. ८० च्या आसपास जाल तेव्हा बाटलीत साखर वाढवा, घास वाढवू नका.

पोटरीची_ताकद

डावा १२ असेल तर पहिले तीन आठवडे ४-१ ऐवजी २ मिनिटं धाव, १ मिनिट चाल, दहा फेरे. दर रविवारी सायकलच्या आधी टाचेची तपासणी परत घ्या आणि आकडा लिहून ठेवा. डावा १८ वर आला की ४-१ वर जा. आणि सीवूड्सनी सांगितलेला जादा संच बरोबर आहे, फक्त तो धावेच्या आदल्या दिवशी नको. मंगळ आणि शनीला धावून झाल्यावरच करा.